बाई, तुम्ही डिजेरीडू का वाजवत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. डिजेरीडू म्हणजे इथल्या आदिवासींचं फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य. मेलबर्नमध्ये कुणाकडे जेवायला गेले तरी आणि सुट्टीत गावी आले तरी प्रश्न तोच: "सनईचा सूर न तुटता धरता, दम साधलेला आहे, राहता ऑस्ट्रेलियात, मग डिजेरीडू का नाही?" आणि लगेच पुढचा: "बायकांना बंदी आहे म्हणून? आणि ती तुम्ही पाळता?"

त्या "तुम्ही"वरचा जोर मला कळतो. अण्णांनी भावाला सूर धरायला बसवलं, मला नाही. बाईचा दम पुरत नाही म्हणाले. गालात हवा धरून नाकाने श्वास ओढायला मी परसात चोरून शिकले आणि पुढे भांडून देवळात बसले. हे तुम्हाला ठाऊकच आहे.

डिजेरीडू तुम्ही समजता तसं अख्ख्या ऑस्ट्रेलियाचं वाद्य नव्हतं. ते उत्तरेचं, आर्नहेम लँड आणि आसपासच्या मुलखाचं. ईशान्येकडचे योलंगू लोक त्याला यिडाकी म्हणतात, पश्चिमेकडे ते मागो. वाळवीने आतून पोखरलेलं निलगिरीचं खोड, तोंडाशी मधमाश्यांचं मेण. भोकं नाहीत, पत्ती नाही, जे काही करायचं ते ओठ, जीभ आणि घशाने. ईशान्येकडचा वादक मधेच ओठ आवळून तुतारीसारखा वरचा स्वर सोडतो. मागोत तो सहसा नसतो. एका सुरावर आयुष्य काढलेल्या बाईला हे ऐकून मोह होत नसेल असं समजू नका. होतो, फार होतो.

पण तिथे ते एकटं वाजत नाही. बिल्मा नावाच्या काठ्यांचा ठेका असतो, गाणारा असतो, आणि गाणी त्या त्या कुळाची, त्यांच्या जमिनीची असतात. अंत्यविधीला, मुलांच्या सुंतेला ती म्हटली जातात. अशा विधींत पुरुषच वाजवतात. एरवी उत्तरेतल्या काही भागांत बायकाही सहज म्हणून वाजवतात, तशा नोंदी आहेत. बंदीबद्दल सगळ्यात कडक बोललं जातं ते दक्षिणेकडे, जिथे हे वाद्य मुळात नव्हतंच. म्हणजे "बंदी आहे" म्हणून मला सुटता येत नाही.

आता गणपती उत्सवातल्या त्या कार्यक्रमाबद्दल. माझं वाजवणं संपलं आणि संयोजकांनी मला न विचारता पडद्यामागून एक डिजेरीडू आणलं. पर्यटकांच्या दुकानातलं, ठिपक्यांनी रंगवलेलं. (इंडोनेशियात बनलेल्या असल्या वस्तू आदिवासींनी बनवल्याचं भासवून विकल्याबद्दल 2019 मध्ये इथल्या फेडरल कोर्टाने एका कंपनीला 23 लाख डॉलर दंड केला होता. हेही त्यातलंच असू शकेल.) "आता फ्युजन!" असं जाहीर झालं. मी हळूच नको म्हटलं. त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं. मी बाजूला सरकवलं. तेव्हा ते माइकवर म्हणाले, "ताई घाबरल्या! हे वाजवलं की बाईला मूल होत नाही म्हणतात!"

हॉल हसला.

आम्हाला मूल नाही. किती वर्षं दवाखाने केले ते त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. तबलजींनी लागलेला तबला उगाच हातोडीने ठोकायला घेतला. नवरा तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता. आरती व्हायची होती म्हणून मी उठून गेले नाही. आरती म्हटली, प्रसाद वाटला, त्या गृहस्थांच्या हातावरही ठेवला.

तो विनोद त्यांनी हवेतून आणलेला नव्हता. 2008 मध्ये मुलींसाठीच्या एका पुस्तकाच्या इथल्या आवृत्तीत डिजेरीडू कसं वाजवायचं ते छापलं होतं. त्याने वंध्यत्व येऊ शकतं, असं एका आदिवासी शिक्षणतज्ज्ञांनी सांगितलं आणि प्रकाशकांनी माफी मागितली. मी ते मानत नाही. भीती हे माझं कारण नाही, कधीच नव्हतं. उलट त्या क्षणी ते उचलून हॉल हादरेल असं फुंकावं असं वाटलं होतं. पण ते वाजवणं यिडाकीसाठी नसतं झालं, त्या माणसाच्या तोंडावर मारण्यासाठी झालं असतं.

माझ्यातली अण्णांशी भांडणारी मुलगी मला अजून विचारते: बाईला अडवणारा नियम तो नियमच, तो कुणाच्या घरचा आहे याने काय फरक पडतो? मी म्हणते, पडतो. देवळातल्या त्या जागेवर माझा हक्क होता, म्हणून मी भांडले. योलंगू बायकांना काही बदलायचं असेल तर त्या बदलतील, मी मधे पडणारी कोण? त्यावर ती म्हणते, अण्णाही हेच म्हणायचे, बाहेरच्यांनी बोलू नये. इथे माझं उत्तर संपतं. शिवाय भाऊ पीव्हीसी पाइपवर व्हिडिओ बघून डिजेरीडू शिकला, त्याला मी एका शब्दाने अडवलं नाही. हक्क कुळाचा असेल तर तोही बाहेरचाच. मग नकार फक्त मलाच का?

उद्या तिथल्या एखाद्या जाणत्या वादकाने स्वतः बोलावून शिकवलं तर मी बसेन का? बसेन असं वाटतं. शपथेवर सांगणार नाही.

तोवर वाजवणार नाही. पटत नसेल तर वाद घालायला घरी या, रात्रभर घालू. फक्त तो मुलाचा विनोद माझ्यासमोर पुन्हा करू नका.