आमची वाटचाल : ‘नामंजूर’चं बटण

लातूरच्या गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. खालून फवारणीच्या औषधांचा वास येतो, वर सहा माणसं आणि आठ कॉम्प्युटर. बँकेत खातं उघडायला आलेला माणूस खरंच तोच आहे का आणि त्यात काही काळंबेरं आहे का, हे तपासणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. सोयऱ्याधायऱ्यांत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : “म्हणजे आधार सेंटर का?” पूर्वी समजावून सांगायचो. आता हो म्हणतो.

सुरुवात झेरॉक्सच्या मशीनवर झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि शाखांमध्ये फॉर्मचे गठ्ठे साचले. ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम मी फॉर्ममागे ठरावीक पैशांवर घेतलं. रात्री बायको नंबर वाचायची, मी टाइप करायचो. त्यातच कळलं, की आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांच्या हिशेबातून निघतो. एक आकडा चुकला की हिशेब जुळत नाही. पॅनच्या दहा अक्षरांत चौथं अक्षर माणसासाठी ‘पी’, पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. एवढ्या भांडवलावर मी एक्सेलमध्ये एक शीट केली. चुकीचा नंबर टाकला की रकाना लाल व्हायचा. एका नागरी सहकारी बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी ती पाहिली आणि म्हणाले, “हे आमच्या काउंटरवर बसवा.” आमचं पहिलं गिऱ्हाईक ते.

पुढची काही वर्षं नियमांच्या मागे धावण्यात गेली. केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख तपासण्याचे, रिझर्व्ह बँकेचे एकत्रित निर्देश २०१६ मध्ये आले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आधारवरचा निकाल आला, २०१९ मध्ये कायदा बदलला, जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवायला परवानगी मिळाली. दर वेळी आमचं अर्धं काम पाण्यात आणि अर्धं नव्याने. व्हिडिओच्या कामात समोर बोलणारा माणूस बँकेचाच लागतो, ते काम बाहेरच्याला देता येत नाही. त्यामुळे “तुमचीच दोन पोरं बसवा ना” म्हणणाऱ्या संचालकांना नाही म्हणावं लागलं. एक ऑर्डर त्यातच गेली.

पण खरी शाळा नियमांनी नाही, नावांनी घेतली.

पहिल्या आवृत्तीत स्क्रीनवर तीन निकाल यायचे : मंजूर, तपासा, नामंजूर. आधारचा क्यूआर स्कॅन करायचा, त्यावर आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल सही असते म्हणून रंगीत झेरॉक्सची बनवाबनवी तिथे चालत नाही. मग पॅन, मग चेहरा, मग नावांची जुळणी. ठरलेल्या टक्क्यांच्या खाली गेलं की थेट नामंजूर. मोठ्या शहरात हे चाललंही असेल. औसा-निलंग्याकडच्या शाखांत पहिल्याच आठवड्यात बोंब उठली.

आधारवर लक्ष्मीबाई, मतदार कार्डावर लक्ष्मी. पॅनवर इंग्रजी ‘डी’ने सुरू होणारा ज्ञानेश्वर, पासबुकावर ‘जी’ने. शेख तर चार तऱ्हांनी लिहिलेला. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. आम्ही राव, बाई, अप्पा, बी हे शेपूट बाजूला काढून मूळ नाव ताडायला लागलो, उच्चारावरून जुळवायला लागलो. पुष्कळ सुटलं. बायकांचं सुटलं नाही. लग्नानंतर आडनावही बदलतं आणि मधलं नावही, वडिलांच्या जागी नवरा येतो. म्हणजे तीनातले दोन शब्द वेगळे. पॅनचा नंबर मात्र तोच राहतो, पाचव्या अक्षरात माहेर घेऊन. ज्या नियमावर मी धंदा उभा केला, तोच सासरी आलेल्या प्रत्येक बाईला खोटं ठरवत होता.

एका शाखेत एक बाई चौथ्यांदा आल्या होत्या. मी योगायोगाने तिथेच, प्रिंटर जोडत होतो. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली लग्नपत्रिका काढली, हळदीचे डाग पडलेली, आणि माहेरच्या नावावर बोट ठेवलं. “साहेब, म्या म्हणजे म्याच हाय. हे तुमच्या मशीनला कुणी सांगावं?” क्लार्कने माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरकडे.

त्या रात्री आम्ही नामंजूरचं बटण काढलं. त्या जागी ‘शाखाधिकाऱ्यांनी बघावं’ असं आलं, आणि त्याखाली नेमकं काय जुळत नाही आणि कोणता कागद आणला तर जुळेल, हे मराठीत. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र, असं स्पष्ट. एका मोठ्या बँकेच्या आयटीवाल्यांनी यावर नाक मुरडलं. ऑटोमेशन म्हणता आणि माणसावर ढकलता, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काम आम्हाला मिळालं नाही. त्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू.

दुसरा घोळ तारखांचा. एकाच माणसाने दोनदा खातं उघडू नये म्हणून नाव आणि जन्मतारीख ताडायचा नियम होता. सॉफ्टवेअर रोज ओरडायचं : हाही तोच, हीही तीच. कारण आपल्याकडे अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं. शाळेत घालताना गुरुजींनी प्रवेशाच्या हिशेबाने टाकलेली तारीख. माझीही कागदावर १ जूनच, आई म्हणते पोळ्याच्या तोंडावर झालास. आता १ जून आणि १ जानेवारी या दोन तारखांना आम्ही पुराव्यात जवळजवळ वजनच देत नाही.

मग फसवणूक सापडतच नाही का? सापडते, पण वेगळ्याच बाजूने. खोटं आधार घेऊन येणारा आता क्वचितच. आता येतो तो खरा माणूस, खरे कागद, खरा चेहरा, आणि खातं मात्र दुसऱ्याच्या वापरासाठी. चार-पाच हजार रुपयांवर एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकायचं. लुटीचे पैसे त्यातून फिरतात आणि पोलीस येतात ते या पोराच्या दारात.

असं एक प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या एका शाखेत निघालं. महिनाभरात अकरा खाती, मोबाइलवरून अर्ज, सगळीकडे आमचा हिरवा रंग. आमच्या यंत्राला काहीच वावगं दिसलं नाही. दिसलं ते शाखेतल्या क्लार्कताईंना. अकरा सेल्फींच्या मागे तीच पोपटी भिंत आणि तेच कापसाच्या बियाण्याचं कॅलेंडर, खिळ्यावर थोडं तिरकं. आम्ही चेहरे मोजत बसलो होतो, त्यांनी भिंत पाहिली. मागे जाऊन तपासलं तर सगळे अर्ज दोनच मोबाइल हँडसेटवरून आले होते. आता एका हँडसेटवरून किती अर्ज, खातं उघडल्यावर किती दिवसांत मोबाइल नंबर बदलला, पैसे येताच किती मिनिटांत निघाले, हे आम्ही पाहतो.

यालाही लगेच अपवाद निघाला. लातूरच्या क्लासेसच्या भागात एका वसतिगृहाच्या पत्त्यावर साठ खाती सापडली तर ती बहुधा साठ विद्यार्थ्यांचीच असतात. आणि बीडकडच्या एका शाखेत तीस खात्यांना एकच मोबाइल नंबर निघाला, तो ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा. टोळीतल्या कुणाकडे फोन नव्हता, कुणाचा रिचार्ज संपलेला. म्हटलं तर निर्धोक, पण तीस जणांचे ओटीपी एकाच्या हातात. ही खाती हिरवी दाखवायची की पिवळी, यावर आमच्याकडे दोन दिवस भांडण झालं. पिवळी ठरली. शाखेने प्रत्येकाला स्वतःचा नंबर द्यायला सांगितलं, मुकादम आमच्यावर चिडला.

२०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांची झुंबड उडाली, तेव्हा आमचा सर्व्हर दोनदा झोपला. त्याबद्दल फार लिहीत नाही. माहेर-सासरच्या नावांचं काम आधी झालं होतं म्हणून निभावलं. त्याच्या आदल्या वर्षी उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा पत्त्यांची जुळणी आठवडाभर लंगडत होती. अंबाजोगाईला मोमिनाबाद लिहिलेला जुना कागद अजूनही एखादा निघतोच.

सध्या हातात आहे ते जुन्या खात्यांच्या केवायसीचं काम. जोखमीप्रमाणे दोन, आठ किंवा दहा वर्षांनी ती परत करावी लागते, आणि ऊसतोड कामगारांची मुदत नेमकी ते कारखान्यावर असताना संपते. कोयता धरून बोटांचे ठसे झिजलेले, मशीन घेत नाही. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कामात बँक मित्रांची, म्हणजे बँकेच्या गावोगावच्या प्रतिनिधींची, मदत घ्यायला मुभा दिली, तेव्हापासून आम्ही त्यांच्यासाठी याद्या काढून देतो : कोणाची मुदत गळीत हंगामात संपते आणि कोणाचा ठसा आधी फसला आहे. दसऱ्याच्या आत या लोकांना गाठायचं, चेहऱ्यावरून ओळख पटवायची. यंदाच्या यादीत पहिल्या पानावर तोच मुकादम आहे. त्याची स्वतःचीच मुदत संपते आहे.