मांजर, पेटी आणि स्कार्लाती

दुपारी भाचीच्या कीबोर्डवरून मनी चालत गेली. बटण चालूच राहिलं होतं. पाच-सहा भलतेसलते सूर निघाले, मनी दचकून पलंगाखाली पळाली आणि माझी डुलकी मोडली.

स्कार्लाती आठवला, अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार. डोमेनिको, त्याचे वडील अलेस्सांद्रो नव्हेत. त्याच्या एका फ्यूगला (एकच सुरावट एकामागोमाग वेगवेगळ्या पट्टीत येत, एकमेकींत गुंतत जाते अशी रचना) लोकांनी मागाहून 'मांजराचा फ्यूग' म्हणायला सुरुवात केली. सुरुवातीचे सूर असे वाकडेतिकडे चढतात, की मांजरच पट्ट्यांवरून गेलं म्हणावं. त्यावरून त्याच्या मांजराची गोष्टही निघाली. पदरचीच असणार, पण सोडवत नाही.

आमच्या पेटीवर हे जमलं नसतं. तिचं झाकण मोडलेलं. वाड्यातलं मांजर खुशाल पट्ट्यांवर झोपायचं, पण आवाज नाही. भाता कोण मारणार? मास्तर म्हणायचे, "डावा हात भात्याचा. त्याला गाण्यात लुडबूड करू द्यायची नाही." मी डावखुरा. दोन वर्षं माझ्या चांगल्या हातानं नुसती हवा भरली, मग पेटी माळ्यावर गेली.

म्हणून मला हेवा वाटतो तो स्कार्लातीच्या डाव्या हाताचा. हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोआधीच्या तारांच्या पट्टीवाद्यावर, तो उजव्याला ओलांडून वरच्या सुरांत जातो, टिचकी मारतो आणि काही घडलंच नाही अशा थाटात परत येतो.

जन्म नेपल्सचा, १६८५. बाख आणि हँडल हे बडे संगीतकारही त्याच सालचे. वडील ऑपेरातलं मोठं नाव, म्हणून यानंही बरीच वर्षं ऑपेरे लिहिले. १७१९ मध्ये लिस्बनला पोर्तुगालच्या राजाच्या पदरी राहिला आणि राजकन्या मारिया बार्बराला शिकवू लागला. १७२९ मध्ये ती लग्न होऊन स्पेनला गेली, तर हाही मागोमाग. पाठवणीत गुरुजीसुद्धा! मग मरेपर्यंत, म्हणजे १७५७ पर्यंत, तिच्याच दरबारात. सोनाटा, म्हणजे नुसत्या वाद्यावर वाजवायच्या रचना, साडेपाचशेच्या वर, पण त्याच्या स्वतःच्या हातची एकाचीही प्रत उरली नाही.

तीस सोनाटांचं पुस्तक छापलं १७३८ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर. 'मांजर' त्यातलंच, अगदी शेवटचं. प्रस्तावनेत म्हणतो, यात गाढ विद्वत्ता शोधू नका, ही कलेशी केलेली थट्टा आहे. आणि वर, सुखानं जगा.

पन्नाशी माझीही उलटली आहे. पेटी खाली काढावी म्हटलं, पण भाता एव्हाना उंदरांनी खाल्ला असेल.

मनी पलंगाखालून डोकावतेय. कीबोर्डचं बटण मी अजून बंद केलेलं नाही.