चप्पल हुंगवू नका

आज संध्याकाळी दादरच्या पुलावर एका पोराला फिट आली. विशीतला असेल. क्षणात ही गर्दी! कुणी चप्पल हुंगवा म्हणतंय, कुणी कांदा शोधतंय, एक काका तर दातांत किल्ली घालायला सरसावले. तेवढ्यात एक भाजीवाल्या मावशी ओरडल्या, "तोंडात काय बी घालू नका!" त्याला कुशीवर वळवलं, पिशवीची घडी करून डोक्याखाली सारली. दोनेक मिनिटांत झटके थांबले. (5 मिनिटांत थांबले नाहीत, तर मात्र थेट हॉस्पिटल गाठायचं.)

शुद्धीवर आल्यावर पोरगा पहिलं काय बोलला? "ऑफिसमध्ये कळवू नका, प्लीज."

झटका दोन मिनिटांचा, धास्ती चोवीस तास. लग्नाच्या बाबतीत तर विचारूच नका. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची (म्हणजे या फिट येण्याच्या आजाराची) आडकाठी 1999 सालीच काढून टाकली, पण स्थळं बघणाऱ्या मंडळींच्या कानावर ते अजून गेलेलं दिसत नाही. योग्य उपचार मिळाले, तर दहापैकी सात जणांचे झटके आटोक्यात राहू शकतात. फक्त बरं वाटतंय म्हणून गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं.