काय म्हणावे, असे तुम्ही विचारलेत म्हणून

‘तुम्हा लोकांना नेमके काय म्हणायचे?’ हा प्रश्न पंचवटीतल्या नातेवाइकांपासून कॉलेज रोडवरच्या शेजाऱ्यांपर्यंत अनेकांनी मला विचारला आहे, आणि विचारताना बहुतेकांचा आवाज जरा खाली जातो. जन्मतः मुलगा ठरवल्या गेलेल्या, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या माझ्यासारखीला काय म्हणावे, हे तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

‘हिजडा’ हा शब्द आपण शिवी म्हणून ऐकत आलो, पण मुळात ते एका जमातीचे नाव आहे. गुरूने चेला म्हणून स्वीकारून रीत झाली की माणूस त्या घराण्याचा होतो, केवळ जन्माने किंवा शस्त्रक्रियेने होत नाही. मी कोणाची चेला नाही, तेव्हा तो शब्द मला लागू पडत नाही. ‘किन्नर’ उत्तरेकडून आला आणि २०१५ मध्ये किन्नर साधूंचा किन्नर आखाडा स्थापन झाल्यामुळे कुंभमेळ्याच्या नाशिकलाही परका राहिला नाही. ‘तृतीयपंथी’ हा सरकारी कागदांतला आणि वर्तमानपत्रांतला शब्द. कोजागरीला सप्तशृंगगडावर निघणाऱ्या आमच्या लोकांच्या छबिन्याची, म्हणजे देवीच्या मिरवणुकीची, बातमी त्याच शब्दाने छापून येते. मला त्यातले ‘तृतीय’ खटकते, कारण मी स्वतःला तिसरी मानत नाही, स्त्री मानते. १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली, पण आपण पुरुष, स्त्री की तृतीयलिंगी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्यालाच असल्याचेही सांगितले. म्हणून मला ‘पारलिंगी स्त्री’ म्हणा, आणि तेही विषय निघाला तरच. एरवी ‘ताई’ पुरे.

‘समलिंगी’ हा शब्द मात्र कोण कोणावर प्रेम करते त्याविषयीचा आहे, त्याची यात गल्लत नको. (स्त्री-पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्यांसाठी आपण ‘उभयलिंगी’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातले, पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेले जास्वंदीचे फूल आठवते.)

खरी अडचण नामांपेक्षा क्रियापदांत आहे. मराठीत ‘मी गेलो’ म्हटले तरी लिंग सांगावे लागते, ‘मी गेले’ म्हटले तरी. कॉलेजच्या वर्षांत मी दोन्ही टाळत असे: ‘मी उशिरा पोचलो’ऐवजी ‘मला उशीर झाला’, आणि शक्य तिथे सगळे भविष्यकाळात, कारण ‘मी येईन’ कोणालाही चालते. कोल्हापूरकडच्या मैत्रिणी बिनदिक्कत ‘मी येतो’ म्हणत, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटायचा.

मी साडी नेसून पहिल्यांदा घरी गेले, त्यानंतर पंचवटीतल्या आत्याने मला एकाएकी अहो-जाहो करायला सुरुवात केली. मान वाढला असे समजून मी सुखावले होते. ‘आलास’ म्हणावे की ‘आलीस’ या पेचातून ‘आलात का’ने तिची सुटका होत होती, हे बऱ्याच दिवसांनी लक्षात आले. अलीकडे ती पुन्हा एकेरीवर आली आहे. ताट वाढून झाले की ‘भाकरी खाल्लीस का?’ म्हणून विचारते; त्यातले स्त्रीलिंग भाकरीचे आहे, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. ‘जेवलीस का?’ अजून यायचे आहे.