वास जातो, तेव्हा मेंदूत काय दिसते?

एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाल्याच्या चौथ्या दिवशी मी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली आणि मला काहीही जाणवले नाही. पुढे काही महिने दूध करपल्याचे घरातल्यांनाच मला सांगावे लागत असे. वास परत आला. मात्र बिघाड नाकात होता की मेंदूत, हा प्रश्न मनातून गेला नाही.

२०२० मध्ये कोविडमुळे वास गेलेल्या इटलीतील एका २५ वर्षांच्या रेडिओग्राफर तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. तिसऱ्या दिवशी केलेल्या एमआरआयमध्ये तिच्या घ्राणकंदांत, म्हणजे नाकाच्या छतावरील जाळीदार हाडावर टेकलेल्या मेंदूच्या दोन चिमुकल्या भागांत, आणि त्यांच्याजवळच्या मेंदूच्या एका पट्ट्यात बदल दिसला. २८ दिवसांनी पट्टा पूर्ववत झाला होता, घ्राणकंद मात्र बारीक झाले होते. आजारापूर्वी ते केवढे होते, हे कोणाला ठाऊक असणार?

म्हणूनच ब्रिटनच्या यूके बायोबँकेतील, म्हणजे संशोधनासाठी असंख्य लोकांची आरोग्यविषयक माहिती साठवणाऱ्या प्रकल्पातील, अभ्यास मला मोलाचा वाटतो. ५१ ते ८१ वयाच्या ७८५ जणांचा एमआरआय दोनदा झाला होता आणि त्यांपैकी ४०१ जणांना त्या दोन तपासण्यांच्या मधल्या काळात कोविड झाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गंधाशी जोडलेल्या भागांतील करड्या द्रव्याची, म्हणजे मेंदूच्या पेशींनी भरलेल्या थराची, जाडी कोविड न झालेल्यांपेक्षा या गटात अधिक घटली होती. हा जादा फरक सुमारे ०.२ ते २ टक्के होता आणि रुग्णालयात दाखल झालेले मोजके लोक वगळले तरी तो टिकून राहिला.

मात्र यातील कोणाचा वास गेला होता, याची माहिती संशोधकांकडे नव्हती, आणि ही उणीव मला फार खटकते. विषाणू प्रामुख्याने गंधपेशींना नव्हे, तर नाकात त्यांना आधार देणाऱ्या पेशींना ग्रासतो, असे आता मानले जाते. तसे असेल तर नाकाकडून येणारे संदेश थांबल्यामुळेही मेंदूचे हे भाग रोडावले असतील, आणि ही शक्यता संशोधकांनी स्वतःही मांडली आहे. तिची परीक्षा घ्यायची तर प्रत्येक एमआरआयच्या दिवशीच गंधचाचणी व्हायला हवी, आणि ज्यांचा वास परत आला, त्यांना तिसऱ्यांदा यंत्रात झोपवून त्या भागांची जाडी पुन्हा मोजायला हवी.