तांबडी नेमकी कशाला घाबरते?

कोंबडी हा भित्रा प्राणी आहे असे आपण इतक्या सहजपणे म्हणून जातो की, तिच्या भीतीमागे काही कारण असेल, ते शोधता येईल आणि बहुतेक वेळा दूरही करता येईल, हा विचार मनात येतच नाही. घरामागच्या अंगणात कोंबड्या पाळणाऱ्या बऱ्याच जणांशी माझे बोलणे होते. एखादी कोंबडी सतत अस्वस्थ असेल, तर "तिचा स्वभावच तसा आहे" एवढे म्हणून बहुतेक जण थांबतात. मला हे पटत नाही. कोंबडीची भीती फार नेमकी असते. ती कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि कोणत्या दिशेला पाहून घाबरते याकडे नीट लक्ष दिले, तर अंगणातली कोणती गोष्ट बदलायला हवी हे बहुधा तीच दाखवून देते.

हे मी आमच्या तांबडी नावाच्या कोंबडीमुळे शिकले. नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आमचे घर आहे. मागे भिंतीने बंदिस्त असे अंगण आहे आणि त्यात तीन गावरान कोंबड्या आहेत. दोघी इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या. तांबडी मात्र दिंडोरीजवळच्या आत्यांच्या मळ्यातून, तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) असताना आली. दाणे टाकले की बाकीच्या दोघी धावत अंगणाच्या मध्यावर येत, तांबडी मात्र भिंतीच्या कडेकडेने चाले. मधूनच ती मान उंचावून जागीच थिजे, एकाएकी बारीक आवाजात ओरडून खुराड्याखाली शिरे, आणि संध्याकाळी त्याच खुराड्यात जायला मात्र तयार नसे. या दोन वागण्यांची कारणे वेगवेगळी होती, हे समजायला थोडा काळ जावा लागला.

कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता तिला जवळजवळ ३०० अंशांचा परिसर दिसतो. पण दोन्ही डोळ्यांची कामे सारखी नसतात. ऑस्ट्रेलियातील संशोधक लेस्ली रॉजर्स यांनी पिलांवर केलेल्या अभ्यासातून असे दिसले की, खडे आणि दाणे यांतला फरक ओळखण्यासाठी पिले प्रामुख्याने उजवा डोळा वापरतात, तर शत्रूवर नजर ठेवण्याचे काम अधिक करून डावा डोळा करतो. अंड्यात असताना पिलाचा उजवा डोळा कवचाकडे आणि डावा स्वतःच्या अंगाकडे वळलेला असतो. उजव्या डोळ्याला अधिक प्रकाश मिळतो आणि त्याचा परिणाम मेंदूच्या दोन भागांच्या जडणघडणीवर होतो. हे वाचल्यापासून मी तांबडीच्या मानेकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागले. ती थिजून उभी राहायची तेव्हा मान तिरकी असायची आणि एक डोळा सरळ आकाशाकडे रोखलेला असायचा. भिंतीवरच्या मांजराकडे ती अशी पाहत नसे.

आवाजावरूनही हाच धागा सापडतो. कोंबड्यांच्या धोक्याच्या हाका दोन तऱ्हेच्या असतात. आकाशातून येणाऱ्या शत्रूसाठी लांबट, बारीक, एकसलग आवाज. जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी तुटक, ठोके पडल्यासारखा, वाढत जाणारा कलकलाट. ख्रिस्तोफर एव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या हाकांची ध्वनिमुद्रणे कोंबड्यांना ऐकवली होती. प्रत्यक्षात शत्रू नसतानाही पहिली हाक ऐकून त्या दबकल्या, आडोशाकडे धावल्या, वर पाहू लागल्या. दुसरी ऐकून मान ताठ करून आजूबाजूला पाहू लागल्या. म्हणजे ही हाक नुसत्या घाबरगुंडीची नसते, धोका कुठून येतो आहे हे तिच्यातून इतरांना कळते. आमच्या अंगणात मुंगूस दिसले की तिघी मिळून तुटक कलकलाट करतात. तांबडीचा एकटीचा ओरडा मात्र जवळजवळ नेहमी पहिल्या जातीचा, बारीक आणि लांब असे.

तेव्हा उत्तर वर शोधायचे होते. गोदावरीच्या पट्ट्यात घारी बाराही महिने घिरट्या घालतात, शिक्राही अधूनमधून येतो. पण तांबडीचा त्रास पौषात, संक्रांतीच्या आसपास कितीतरी पटींनी वाढला आणि त्याचे कारण गच्च्यांवरून उडणारे पतंग होते. आपल्या दृष्टीने तो रंगीत कागद आहे. तिच्या दृष्टीने तो आकाशात स्थिरावणारा, अचानक झेप घेणारा आणि खाली येणारा आकार आहे. गंमत अशी की, ओझरहून उडणारी लढाऊ विमाने डोक्यावरून कानठळ्या बसवत जातात तेव्हा ती मान वरसुद्धा करत नाही. त्या आवाजाची तिला सवय झालेली आहे आणि त्यापाठोपाठ कधी काही वाईट घडलेले नाही. पक्ष्यांच्या भीतीत या सवयीचा वाटा मोठा असतो. १९३० च्या दशकात प्राणिवर्तनाचे अभ्यासक लोरेंझ आणि टिनबर्गेन यांनी ससाण्यासारखी छायाकृती पक्ष्यांच्या डोक्यावरून फिरवून त्यांची भीती पाहिली आणि ती उपजत असल्याचे मानले गेले. पुढे १९६१ मध्ये श्लाइट यांनी टर्की पक्ष्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, वारंवार दिसणाऱ्या आकाराची भीती मावळते आणि क्वचित दिसणारा आकार, मग तो कोणताही असो, अधिक घाबरवतो. पतंग वर्षातून थोडेच दिवस उडतात. सवय होईपर्यंत ते नाहीसे होतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवे ठरतात.

यावर उपाय पतंगांवर करता येत नाही, अंगणावर करता येतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा, जो बांबूच्या जाळ्यांत आणि झुडपांत वावरतो, उघड्यावर येतो तो आडोसा जवळ ठेवूनच. आपण मात्र मोकळे अंगण दिले म्हणजे कोंबडीला सुख दिले असे समजतो. प्रत्यक्षात आडोसा नसलेली मोकळी जागा तिला सर्वांत असुरक्षित वाटते, आणि तांबडी भिंत का सोडत नव्हती हे इथेच स्पष्ट होते. आम्ही अंगणाच्या निम्म्या भागावर हिरवी शेडनेट ताणली, लिंबाच्या खालच्या फांद्या छाटायचे थांबवले, मध्यभागी चार विटांवर एक जुनी फळी टाकली आणि दाणे त्या फळीच्या कडेशी टाकायला सुरुवात केली. हळूहळू ती मध्यापर्यंत येऊ लागली. संक्रांतीच्या दिवसांत आणखी एक काम असते: रोज सकाळी अंगणात पडलेला मांजा वेचून काढणे. नायलॉनचा मांजा पायात अडकून आवळला, तर कोंबडीचे बोटही जाऊ शकते.

संध्याकाळच्या नकाराची गोष्ट निराळी होती. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, म्हणून दिवस मावळताना ती आपणहून खुराड्याकडे वळते. जी कोंबडी नेमक्या त्याच वेळी दाराशी घुटमळते, आत डोकावून मागे फिरते, ती आत काहीतरी आहे असे सांगत असते. उंदीर, घूस किंवा साप असू शकतो. पण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही अशी गोष्ट म्हणजे लाल माइट ही बारीक कीड. ही कीड दिवसभर लाकडाच्या फटींत लपते आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचे रक्त पिते. दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन बसण्याच्या दांडीच्या खालच्या बाजूला पांढरे फडके फिरवायचे. त्यावर तांबडे ठिपके उमटले तर शंका उरत नाही. आमच्या खुराड्यात ती निघाली. दांडी बदलली, फटींत उकळते पाणी ओतले, खुराडे कडक उन्हात तापवले, आतून चुना मारला आणि औषध पशुवैद्यांना विचारूनच वापरले. द्राक्षबागेसाठी आणलेले कीटकनाशक कोंबडीवर किंवा खुराड्यात फवारण्याचा सल्ला आपल्या भागात सर्रास दिला जातो. तो कृपा करून मानू नये.

खुराड्याबाहेर राहिलेल्या कोंबडीला नाशिकमध्ये फक्त मांजराचाच धोका नाही. जिल्ह्यात उसाच्या पट्ट्यांतून बिबटे वस्तीपर्यंत येतात. रात्री दार भक्कम बंद हवेच.

अस्वस्थ दिसणारी प्रत्येक कोंबडी घाबरलेली असते असे मात्र नाही. अंडे घालण्यापूर्वी कोंबडी जागा शोधत येरझाऱ्या घालते. मनाजोगती जागा मिळाली नाही, तर कण्हल्यासारखा लांबलचक, गळ्यातून येणारा आवाज काढते. तो वैतागाचा आवाज आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे काळोखी, आडोशाची, भाताच्या पेंढ्याची एक पेटी. खुडूक बसलेली कोंबडी पिसे फुलवून चोच मारायला येते तेव्हा ती रागीटही नसते आणि भेदरलेलीही नसते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणारी कोंबडी उष्म्याने बेजार झालेली असते. तिला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा वेळी तिला पकडायला मागे धावणे जिवावर बेतू शकते. मान पिळवटणे, तोल जाणे, पाय लुळे पडणे ही मानमोडी (राणीखेत) या रोगाची लक्षणे असू शकतात आणि तिथे क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठायला हवा.

कळपातले स्थान हा आणखी एक भाग. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१-२२ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून कोंबड्यांमधली चोच मारण्याची उतरंड जगापुढे आली. तांबडी बाहेरून आलेली, म्हणून उतरंडीत शेवटची. तिच्यासाठी दाण्यांचे आणि पाण्याचे दुसरे भांडे पहिल्या भांड्याजवळून दिसणार नाही अशा कोपऱ्यात ठेवले, एवढ्याने तिचे खाणे वाढले. काही जण अशा कोंबडीला त्रास नको म्हणून कायमची एकटी ठेवतात. मला तो उपाय क्रूर वाटतो, कारण कळपात राहणाऱ्या पक्ष्याला एकटेपणात प्रत्येक क्षणी स्वतःच पहारा द्यावा लागतो.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे ती. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना कोणीतरी एक खेळ शिकवला होता: कोंबडीला उताणी धरून जमिनीवर टेकवायचे, थोडा वेळ दाबून ठेवायचे, की ती "झोपते". अथानासियस किर्शर या जर्मन जेझुइट विद्वानाने १६४६ मध्येच या प्रकाराचे वर्णन केले आहे, आणि तेव्हापासून तो करमणूक म्हणून चालत आला आहे. ती झोप नसते. शत्रूच्या तावडीत सापडल्यावर सुटण्याचा शेवटचा मार्ग म्हणून शरीर निश्चल होते, आणि ही अवस्था किती वेळ टिकते यावरून संशोधक कोंबडीतील भीतीची तीव्रता मोजतात. म्हणजे सर्वांत शांत पडलेली कोंबडी ही सर्वांत घाबरलेली कोंबडी असू शकते. ताणाच्या क्षणी तुऱ्याकडचा रक्तप्रवाह कमी होऊन तुऱ्याचे तापमान उतरते, हेही औष्णिक कॅमेऱ्याने नोंदवले गेले आहे. हातात घेतलेली कोंबडी हालचाल करत नाही म्हणून तिला ते आवडते आहे, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे लक्षात ठेवायला हवे. मुलांना मी हे समजावून सांगितले आणि त्यांनी तो खेळ लगेच सोडला.

तांबडीला माणसाची सवय लावताना आम्ही वरून हात नेणे पूर्णपणे बंद केले, कारण वरून येणारी प्रत्येक वस्तू तिच्या लेखी घारच असते. मी जमिनीवर तिच्याकडे कुशी करून बसते, तळहातावर बाजरी ठेवते आणि हात हलवत नाही. तिला उचलणे गरजेचेच असेल, तर ते रात्री मंद प्रकाशात, दोन्ही पंख अंगाशी धरून आणि पायांना खालून आधार देऊन करते. गणपतीतला ढोल आणि दिवाळीतले फटाके यांसाठी फार काही करता येत नाही. त्या दिवसांत खुराडे घराच्या आतल्या बाजूला हलवावे, त्यावर जाड गोणपाट टाकावे आणि तिघींना लवकर आत घ्यावे.

भीती कमी झाली हे दोन गोष्टींवरून ओळखता येते. पहिली म्हणजे मातीत लोळणे. डोळे अर्धवट मिटून, पंख पसरून धुळीत पडलेल्या कोंबडीला झटकन पळता येत नाही, म्हणून धास्तावलेली कोंबडी ते करत नाही. माती, चुलीतली राख आणि थोडी वाळू यांचे आळे आम्ही शेडनेटच्या खाली केले आहे आणि तांबडी आता उन्हे चढली की तिथे जाते. दुसरी गोष्ट म्हणजे अंडे. घाबरलेली कोंबडी तयार अंडे काही काळ अडवून धरू शकते, आणि मग कवचावर कॅल्शियमचा जास्तीचा थर चढून ते पांढुरके, पीठ भुरभुरल्यासारखे दिसते. कधी तपकिरी रंग फिका पडतो. दिवाळीच्या आठवड्यात आमच्याकडे अशी अंडी हमखास मिळतात. त्यानंतरच्या आठवड्यातही ती मिळत राहिली, तर मी रात्री बॅटरी आणि पांढरे फडके घेऊन खुराड्याच्या फटी पुन्हा तपासते.