क्रम लावणाऱ्याचा दिवस

आज कोल्हापुरात डर्ट ट्रॅकवर, म्हणजे मातीवरच्या बाइक रेसमध्ये, क्लासचा (रेसच्या गटांचा) क्रम लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रात्री वहीत सगळं मस्त बसलं होतं. पोरांच्या ५० सीसी सकाळी पहिल्या, कारण तेव्हा माती ओलसर असते, खाचा पडलेल्या नसतात. मग नोव्हिस (नवखे), स्कूटर, बुलेट. फॉरेन ओपन (परदेशी गाड्यांचा क्लास) शेवटी, म्हणजे पब्लिक हलत नाही.

साडेदहालाच घोळ. एकाच रायडरचं नाव इंडियन एक्स्पर्ट आणि लोकल ओपनमध्ये, आणि मी दोन्ही क्लास लागोपाठ ठेवलेले! घामानं निथळत, गॉगलवरचा चिखल अंगठ्यानं पुसत तो म्हणाला, "दादा, पाणी तर पिऊ द्या की वो." मग मध्ये स्कूटर घुसवल्या. तर स्कूटरवाले अजून चहाच्या गाड्यावर!

पाण्याचा टँकर दीडला उगवला (त्याला कोण बोलत नाही, शिव्या आम्हाला). तोवर धुरळा एवढा की मागच्या गाड्या नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. टँकर फिरल्यावर लगेच सोडलं तर घसरगुंडी, म्हणून आणखी पंधरा मिनिटं गेली. बुलेटवाले तर शेवटी दिवेलागणीला पळाले.

वहीतला तो कागद आत्ता सापडला. टाइमकीपरच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली.